न सुकणारी माळ

वसईच्या पश्चिम पट्टीत, वटार, निर्मळ, गास, भुईगाव या गावांत, फुलं घड्याळावर चालतात. मोगऱ्याची कळी उमलायच्या आत खुडायची, ओल्या फडक्यात बांधायची, करंडी नालासोपाऱ्याला नाहीतर विरारला गाडीत चढवायची आणि दादरचा फूलबाजार रंगात असतानाच तिथे पोचायचं. गाडी चुकली की भाव उतरतो. दुपार झाली की मालच उतरतो. सोनचाफ्याचं तर विचारूच नका. सकाळी घमघमणारं फूल उन्हं चढेपर्यंत कडेने तपकिरी पडायला लागतं. वाडीत ज्याची उभी हयात गेली अशा माणसापुढे एखादा देव प्रसन्न होऊन उभा राहिला, तर तो उडता गालिचा मागणार नाही, अदृश्य करणारी अंगठीही मागणार नाही. ओवलेली माळ सुकू नये, एवढंच मागेल.

नेमकी हीच जादू एका राजाला मिळाली होती. माळ्याला नाही, राजाला.

त्याचं नाव उदयन, वत्स देशाचा राजा, राजधानी कौशांबी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात त्याची कथा सविस्तर येते. दुर्गाबाई भागवतांनी हा ग्रंथ मराठीत आणल्याला आता बरीच वर्षं झाली. उदयनाचा जन्म राजवाड्यात झालाच नाही. गरोदर आईला एका प्रचंड पक्ष्याने उचलून नेलं, उदयपर्वतावर टाकलं, आणि पोर जमदग्नीच्या आश्रमात वाढलं. ऋषीने त्याला शास्त्रं शिकवली, धनुर्वेद शिकवला. एके दिवशी रानात हिंडताना त्याला एक शबर दिसला. त्याने एक देखणा साप धरला होता. मुलाला कळवळा आला. सोडून दे म्हणाला, तर शबर म्हणतो, सोडू कसा, याचाच खेळ करून पोट भरतो मी. मुलाच्या हातात आईने घातलेलं कडं होतं, त्यावर बापाचं नाव कोरलेलं. ते काढून त्याने शबराला दिलं आणि साप सोडवला.

साप साधासुधा नव्हता. वासुकीचा थोरला भाऊ वसुनेमी होता तो. त्याने मुलाला एक वीणा दिली, विडा दिला, आणि दोन विद्या शिकवल्या: कधीही न कोमेजणारी माळ गुंफायची आणि कधीही न विसकटणारा टिळा रेखायचा.

आता बघा. पुढे राज्य करायचं आहे, उजैनीच्या बलाढ्य राजाशी गाठ आहे, आणि हातात आलं काय तर वीणा, विडा, माळ आणि टिळा! चमत्कारिक कथांच्या वाचकांना हा प्रसंग अगदी ओळखीचा वाटेल. 'चांदोबा'वर वाढलेल्या पिढीपासून जपानी ॲनिमे बघणाऱ्या पिढीपर्यंत सगळ्यांचा हा लाडका वाद आहे: नायकाला मिळालेली शक्ती त्याला शोभते का? तलवारबहाद्दराला चित्रकलेची जादू दिली तर ती त्याच्या अंगच्या गुणांशी जुळेल की उगाच चिकटवल्यासारखी वाटेल? आगीचा लोळ फेकणाऱ्याबद्दल असा प्रश्न फारसा पडत नाही, कारण आग सगळ्यांच्या हातात सारखीच पेटते. कलेचं तसं नाही. तिला हात तयार लागतो, कान तयार लागतो, वर्षं लागतात. म्हणून कलेतून येणारी जादू कुणाला दिली, हे बघावं लागतं.

सोमदेवाच्या काळच्या वाचकाला उदयनाची देणगी इतकी विचित्र वाटली नसती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. तिच्यात वीणावादन आहे, माळा गुंफण्याचे प्रकार आहेत, कपाळावर नक्षीदार टिळे लावण्याची कला आहे. सापाने दिलेल्या गोष्टी जवळजवळ तिथूनच उचलल्यासारख्या आहेत. त्याच ग्रंथात शहरी, रसिक पुरुषाच्या खोलीचं वर्णन येतं: खुंटीला वीणा टांगलेली, चित्राचा फलक, रंगांची पेटी, आणि कोरांटीच्या माळा. कोरांटीच का? तर तिचं फूल लवकर मलूल होत नाही. म्हणजे न सुकणाऱ्या माळेची हौस राजालाही होती आणि नगरातल्या शौकिनालाही. सापाने फक्त ती हौस टोकाला नेली. आणखी एक गंमत त्या यादीत आहे. तिच्यात इंद्रजालही एक कला म्हणून मोजलंय. जादू कलेच्या डोक्यावर बसलेली नाही, विणकाम आणि सुतारकामाच्या शेजारी पंगतीला बसली आहे.

तरीही उदयनाला ही कला शोभते का, याचं उत्तर यादीत मिळत नाही. ते पुढच्या दोन प्रसंगांत मिळतं.

पहिला प्रसंग फजितीचा. राजा झाल्यावर उदयनाला शिकारीचं व्यसन लागलं, आणि त्यातही हत्तींचं. सापाने दिलेली घोषवती वीणा वाजवायची, माजलेला रानहत्ती सुरांनी भुलवायचा आणि बांधून आणायचा, हा त्याचा खेळ. इथे जादू आणि माणूस एकमेकांत बेमालूम मिसळले आहेत: रानात वाढलेला पोरगा, जनावराच्या चाहुलीला सरावलेला, आणि हातात सुरेल वाद्य. आता हीच त्याची ताकद, तर शत्रूने वार कुठे करावा? उजैनीच्या चंडमहासेनाने कारागिरांकडून एक यंत्रहत्ती बनवून घेतला. पोटात निवडक योद्धे बसवले आणि विंध्याच्या रानात तो नेऊन सोडला. हेरांनी खबर आणली, कधी न पाहिलेला हत्ती आलाय. उदयन फौज मागे ठेवून एकटा वीणा वाजवत निघाला. संध्याकाळ झालेली, उजेड कमी, आणि राजा स्वतःच्याच सुरांत गुंगलेला. समोरचं जनावर कान टवकारून जणू गाणं ऐकतंय, थोडं पुढे येतंय, पुन्हा मागे सरकतंय. त्या ओढीने तो इतका लांब गेला की हाक मारली तरी माणसांना ऐकू जाऊ नये. मग हत्तीचं पोट उघडलं आणि शिपाई बाहेर पडले.

हा प्रसंग रचणारा माणूस कला जाणणारा असला पाहिजे. वीणेची जादू कानांतून चालते, आणि लाकडी हत्तीला कान असून नसल्यासारखे. त्यातही खरा घात वीणेने केला नाही, तल्लीनतेने केला. जो गुण नसता तर वीणा वाजलीच नसती, त्या गुणापायी डोळे मिटले. शिवाय हरवलं कुणी? दुसऱ्या एका कलेने. सुतारानं वादकाला चीत केलं. चौसष्ट कलांच्या यादीत सुतारकाम आहेच. नायकाला आगीचा लोळ फेकता येत असता तर हा सगळा डाव मांडताच आला नसता. हत्ती जळून गेला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

कैदेत उदयनाला काम मिळालं संगीतशिक्षकाचं. चंडमहासेनाच्या मुलीला, वासवदत्तेला, वीणा शिकवायची. पुढे काय झालं हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. संगीताची शिकवणी आणि पळून जाऊन लग्न यांचं नातं आपल्या नाटकसिनेमांनी चांगलं मुरवलंय.

दुसरा प्रसंग माळेचा. उदयन बायकोत इतका रमला की राज्याकडे दुर्लक्ष झालं. मंत्री यौगंधरायणाने बेत केला: वासवदत्ता आगीत जळून मेली अशी आवई उठवायची आणि राजाचं दुसरं लग्न मगधाच्या पद्मावतीशी लावून फौजेचं बळ मिळवायचं. वासवदत्ता वेष पालटून, अवंतिका नाव घेऊन, त्या पद्मावतीकडेच राहिली. लग्नाच्या दिवशी नवरीच्या गळ्यातली माळ आणि कपाळावरचा टिळा तिनेच केला. मुंडावळ्या बांधून मांडवात उभा असलेला उदयन बघतो तर ते दोन्ही त्याचेच! ही विद्या त्याच्याखेरीज फक्त एका बाईला ठाऊक होती, आणि ती तर मेलेली.

वर जी देणगी फालतू वाटली होती ती इथे सहीसारखी कामाला येते. माळेने शत्रू मरत नाही, किल्ला पडत नाही. पण माळ कुणी ओवली हे जाणत्याला कळतं. वटारातल्या घरात चार बायका गजरे ओवत बसल्या तर कुठला कुणाचा हे त्यांना न सांगता ओळखता येईल. कुणाची गाठ घट्ट, कुणाची फुलं दाट, कुणी दोऱ्याला दुहेरी वेढा देतं. सापाने उदयनाला शस्त्र दिलं असतं तर ते कुणीही चोरलं असतं. त्याने हाताचं वळण दिलं, आणि ते फक्त शिकवता येतं. शिकवलं कुणाला, तर प्रेमाच्या माणसाला. म्हणून ओळख पटते. कडं देऊन साप सोडवणाऱ्या मुलाच्या स्वभावाशी हे जुळतं, धनुर्धाऱ्याशी नव्हे. आणि कथा पुढे त्या स्वभावावरच चालते. ते दिलेलं कडंदेखील शबराने कौशांबीत विकायला नेलं तेव्हा नावावरून ओळखलं गेलं आणि बापाला मुलाचा ठावठिकाणा लागला. एकदा ही वीण दिसली की सोमदेवाच्या बारकाईला दाद द्यावीशी वाटते.

भासाच्या 'स्वप्नवासवदत्त' नाटकातही वासवदत्ता सवतीच्या लग्नाची माळ ओवते. तिथे जादू नाही, दोन मुळ्या आहेत. एक सौभाग्य राखणारी. ती वासवदत्ता भरपूर गुंफते. दुसरी सवतीला नामोहरम करणारी. ती गुंफायची नाही म्हणते. दासी कारण विचारते, तर वासवदत्ता म्हणते, राजाची पहिली बायको तर मेली, सवत उरलीच कुठे, मग मुळी कशाला. दासीला काय ठाऊक. शेवटी ओळख पटते ती एका चित्राने: उजैनीहून आलेल्या तसबिरीतली वासवदत्ता बघून पद्मावती म्हणते, अशी एक बाई माझ्याकडे राहते. भासाकडे जादू नाही, नुसती कला आहे, तरी नाटकाचं काही अडलं नाही.

चित्राचीच गोष्ट निघाली तर चित्रलेखेला टाळून चालणार नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात बाणासुराची मुलगी उषा स्वप्नात एका तरुणाला बघते आणि जागी होऊन वेडीपिशी होते. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तिची सखी चित्रलेखा, प्रधान कुंभांडाची मुलगी, रंग घेऊन बसते आणि त्रिलोकीचे चेहरे काढत सुटते. देव झाले, गंधर्व झाले, नाग, दैत्य, यक्ष झाले, मग माणसं. माणसांत यादव. कृष्ण, बलराम. प्रद्युम्नाचं चित्र आल्यावर उषा लाजते (होणारा सासरा तो!), आणि अनिरुद्धाचं चित्र आल्यावर मान खाली घालून हसते, हाच म्हणते. पोलीस ठाण्यात वर्णनावरून रेखाचित्र काढणारा कलावंत बसतो त्याची ही पणजी म्हणावी, फक्त इथे वर्णनाऐवजी अख्खं जग कागदावर उतरवून वजाबाकी केली आहे.

पण भागवतकार एक गोष्ट चोख करतो. चित्र काढून अनिरुद्ध येत नाही. चित्रलेखा योगिनी आहे. ती आकाशमार्गे द्वारकेला जाते आणि झोपलेल्या अनिरुद्धाला पलंगावरून उचलून आणते. म्हणजे दोन विद्या, दोन कामं. चित्र शोधतं, योग आणतो. भागवतकाराच्या जागी आजचा एखादा लेखक असता तर त्याने कागदातूनच अनिरुद्धाला बाहेर काढला असता, आणि मग उषेला एकेक चेहरा बघत बसायचं कारण उरलं नसतं. त्या थांबत थांबत सरकणाऱ्या यादीतच तर प्रसंगाची सगळी लज्जत आहे.

जगात इतरत्र लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला? चीनमध्ये १९५० च्या दशकात होंग शुन्ताओ या लेखकाने मा लियांगची गोष्ट लिहिली. गरीब पोर, कुंचला घ्यायची ऐपत नाही, म्हणून काटकीने वाळूत चित्रं काढतं. मग एक म्हातारा जादूचा कुंचला देतो आणि काढलेलं खरं होऊ लागतं. कुंचला मागाहून आला, हात आधी तयार होता. म्हणून हावरट बादशहाने तोच कुंचला हिसकावल्यावर त्याच्या हातून काही साधत नाही. ब्रँडन सँडरसनने २०१३ सालच्या 'द रिदमॅटिस्ट'मध्ये उलटी बाजू घेतली. तिथे खडूच्या रेघा जिवंत होतात, पण निवडक लोकांच्याच. खडू बनवणाऱ्याचा मुलगा जोएल हाताने बिनचूक वर्तुळ काढतो, सगळे डावपेच त्याला पाठ, आणि त्याचा खडू मात्र फळ्यावर नुसता खडूच राहतो. अंगची कला पूर्ण, जादू शून्य. 'नारुतो' बघणाऱ्या मुलांना साई आठवेल: शाईने प्राणी काढतो, ते कागदावरून उठून झेप घेतात. पण भावना मारून वाढवलेल्या या पोराला आपल्या चित्रांना नावं सुचत नाहीत. हात तयार आहे, आतलं काहीतरी गप्प आहे.

गप्प राहण्यावरून पैठणला जावं लागतं.

'कथासरित्सागर' ज्या मूळ 'बृहत्कथे'वर उभा आहे ती गुणाढ्याची, आणि कथेप्रमाणे गुणाढ्य प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सातवाहन राजाचा मंत्री. त्याचं दुर्दैव एका मोदकातून सुरू झालं. जलक्रीडेत राणी राजाला संस्कृतात म्हणाली, पाणी नका मारू. तिच्या शब्दांची संधी झाली 'मोदकैः', आणि व्याकरणाचा गंध नसलेल्या राजाने मोदकांची ताटं मागवली. राणी हसली, राजा खोलीत तोंड लपवून बसला. गुणाढ्य म्हणाला, व्याकरण सहा वर्षांत शिकवीन. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली: हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याला जमलं. गुणाढ्य मुका झाला.

विद्वानाकडून तिन्ही भाषा काढून घेतल्यावर उरतं काय? तो रानात गेला, तिथे पिशाचांची भाषा ऐकून शिकला, आणि त्या भाषेत सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने पोथी परत पाठवली: पिशाचांची भाषा, रक्ताची शाई, कोण वाचणार? मग गुणाढ्य एका टेकडीवर अग्नी पेटवून बसला. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली हरणं, डुकरं, रेडे चरणं सोडून गोल करून उभे राहिले, ऐकत, डोळ्यांतून पाणी गाळत. तिकडे राजवाड्यात राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस रूक्ष येतंय. शिकारी म्हणाले, जनावरं खात नाहीत, गोष्ट ऐकत उभी आहेत. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एक लाखात उदयनाच्या मुलाची कथा होती, म्हणून तीच आपल्यापर्यंत पोचली.

उदयनाची वीणा हत्तीला भुलवते आणि गुणाढ्याची गोष्ट रानातल्या जनावरांना. दोन्ही ठिकाणी जादू सारखीच दिसते, पण गुणाढ्याला कुणी सापाने काही दिलेलं नाही. होतं ते गमावल्यावर हाताशी राहिलं त्यातून त्याने ते केलं. कला-जादू नायकाच्या अंगच्या गुणाला जुळावी असं आपण म्हणतो. ती त्याच्या उणिवेला जुळली तर जास्त खोल उतरते. वटारच्या घरात कादोडी बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि ऑफिसात इंग्रजी असा तिहेरी संसार केलेल्या कुणालाही गुणाढ्याची पैज अंगावर काटा आणील. तिन्ही गेल्या तर आपण कशात बोलणार?

याचं एक उत्तर पालघर जिल्ह्यातच, डहाणूच्या बाजूला, गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात सापडतं, आणि ते कल्पित नाही. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि पोराचं बोलणं थांबलं. काही वर्षं तो बोललाच नाही. सांगायचं ते बोटाने धुळीत काढून सांगायचा. मा लियांगची काटकी आणि वाळू चिनी लेखकाला सुचली. इथे ती धूळ खरी होती.

चित्रांची ही जादू मुळात जिव्याची नव्हती. वारल्यांच्या लग्नात चौक लिहावा लागतो. लिहावा, काढावा नव्हे. तिथे चित्राला लिहिणंच म्हणतात. शेणाने सारवून गेरू दिलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, आणि बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला. सवाशिणी आधी चौकट घेतात, मग साखळीसारख्या नक्षीच्या किनारी, आणि मधोमध पालघट देवी. धवलेरी गाते. चौक लिहिल्याखेरीज लग्न लागत नाही, कारण देवी त्या चौकात यायची असते. चमत्कारिक कथेत 'चित्रातून देवता प्रकट करणारी स्त्री' असं पात्र घातलं तर वाचक टाळ्या वाजवतील. इथे हे लग्नघरातलं काम आहे, आणि हातावरचं पीठ धुऊन बायका पुढच्या कामाला लागतात.

म्हणजे रूढीप्रमाणे हा अधिकार बायकांचा, त्यातही सवाशिणींचा. गप्प राहिलेल्या मुलाला त्यात जागा नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हा चित्रकार या पाड्यांत हिंडत होता. भिंतीवरची चित्रं कागदावर यावीत म्हणून त्याने गेरू आणि कागद वाटले, आणि त्याला हा पुरुष सापडला जो लग्न नसतानाही चित्रं काढायचा. चौकाची चौकट जिव्याची नव्हती म्हणून त्याने ती सोडली आणि बाहेरचं सगळं घेतलं: शेतं, भाताची उडवी, तारप्याभोवती गोल फिरणारा नाच, मुंग्या, आणि मासळीचं जाळं. त्याचं जाळं जवळून बघावं. हजारो बारीक रेघा, एकीलाही घाई नाही, एकीचंही अंतर दुसरीसारखं नाही, आणि तरी कागदावर वारा लागल्यासारखं ते फुगतं. त्रिकोणाला त्रिकोण टेकवून केलेली माणसं इतकी लहान की त्यांना चेहरे नाहीत, पण कोण थकलंय आणि कोण उड्या मारतंय ते कळतं.

१९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसला एक मोठं प्रदर्शन भरलं, जगभरचे शंभराहून जास्त कलावंत, निम्मे पाश्चात्त्य आणि निम्मे इतर खंडांतले. नाव होतं 'मॅजिसियँ द ला तेर', म्हणजे पृथ्वीचे जादूगार. त्यात जिव्या सोमा म्हसे होते. कलावंतांना सरसकट जादूगार म्हणण्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला आणि तो योग्यच होता. दूरच्या माणसाचं कसब दिसलं की त्याला जादू म्हणून मोकळं व्हायची खोड युरोपला जुनी आहे. पण कळंबीपाड्याच्या बाबतीत तो शब्द अगदीच वाया गेला नाही. २०११ मध्ये पद्मश्री आली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१८ च्या मे महिन्यात जिव्या गेले. तोवर वारली माणसं साड्यांवर, मगांवर, सोसायट्यांच्या भिंतींवर नाचू लागली होती, त्यातली बरीचशी साच्याने छापलेली, सगळ्यांचे पाय एकाच कोनात.

वटारला परत यायचं तर वाटेत सोपारा लागतं. सातवाहनांचं हे बंदर. गुणाढ्याच्या राजाचा माल नाणेघाट उतरून याच किनाऱ्यावरच्या बंदरांतून जहाजावर चढायचा. इथे एक मोठा ढिगारा होता आणि गावकरी त्याला म्हणायचे, बुरूड राजाचा कोट. टोपल्या विणणारा राजा! त्याची कथा काय, त्याची जादू कोणती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. चौसष्ट कलांत वेताचं विणकाम आहे, तेव्हा कुळ चांगलं आहे. विणणाऱ्याच्या हातात काय काय येईल: बांबू न मोडता वाकवणं, पोकळीला आकार देणं, भोकं ठेवूनही वजन पेलणं. मर्यादाही हातच्या, टोपलीत पाणी राहत नाही. मराठीत चमत्कारकथा लिहिणाऱ्या कुणासाठी हा नायक केव्हाचा रिकामा बसून आहे.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो ढिगारा खणला. आत बौद्ध स्तूप निघाला, विटांचा, आणि त्याच्या पोटात एक दगडी करंडक. करंडकात तांब्याची डबी, तिच्याभोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या आत दगडाची, दगडाच्या आत स्फटिकाची, स्फटिकाच्या आत सोन्याची. एकात एक बसवलेल्या टोपल्या जणू. सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं न झिजलेलं चांदीचं नाणं. आणि फुलं, सोन्याच्या पत्र्याची, बोटाच्या पेरावर मावतील एवढाली. कुणा सोनाराने पाकळी पाकळी कापलेली, इतक्या शतकांनी बाहेर काढली तेव्हाही जशीच्या तशी. हा सगळा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला, म्हणजे त्याच रेल्वेने दादरच्याही पुढे.